अस्वल दिसते, माती दिसत नाही

उत्तर ध्रुवाकडचे बर्फ वितळत चालले आहे ही बातमी आता कोणाला नवी राहिलेली नाही. ती छापून आली की तिच्यासोबत एक छायाचित्रही ठरलेले असते. तुटक्या हिमखंडाच्या कडेवर उभे असलेले एकटे, हडकुळे पांढरे अस्वल. आपण ते पाहून हळहळतो, घरातल्या मुलांना दाखवतो आणि पान उलटतो. अस्वलाबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्याचे हाल खरे आहेत आणि त्याची काळजी वाटलीच पाहिजे. माझे म्हणणे आपल्या नजरेबद्दल आहे. जे मोठे, केसाळ आणि आपल्याकडे टक लावून पाहणारे, तेवढेच आपल्याला प्राणी वाटते. त्याच आर्क्टिक प्रदेशात, छोट्याशा उन्हाळ्यात बर्फ सरून जी वीतभर माती उघडी पडते, तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढेही नसलेले जीव अब्जावधींनी नांदत असतात. त्यांचे छायाचित्र कोणी छापत नाही. आणि तरीही, येत्या शंभर वर्षांत पृथ्वीची हवा किती तापणार या हिशेबात अस्वलापेक्षा या जीवांचा वाटा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले. आमच्या पाठ्यपुस्तकांत अन्नसाखळीची आकृती असे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी ती रुबाबात वर चढत जाई आणि अगदी खाली, कोपऱ्यातल्या चौकटीत एकच शब्द लिहिलेला असे : विघटक. परीक्षेत त्यावर एका गुणाचा प्रश्न. त्या चौकटीत कोण राहते, असे वर्गातल्या पन्नास मुलांपैकी एकालाही विचारावेसे वाटत नसे. गंमत अशी, की अन्नजाळ्याची जी आकृती पुढे जगभरच्या पुस्तकांत पोहोचली तिचा एक आद्य नमुना आर्क्टिकमधल्या निरीक्षणांवरूनच काढला गेला. १९२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम स्पिट्सबर्गेनला गेली होती. तिच्यात चार्ल्स एल्टन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने आणि त्याचा सहकारी व्हिक्टर समरहेज याने १९२३ मध्ये बेअर बेटावर कोण कोणाला खाते याचे जाळे छापले. त्यात ध्रुवीय कोल्हा होता, पक्षी होते आणि मातीतले हे बारीक जीवही होते. एल्टनने त्यांना कोपऱ्यात ढकलले नव्हते. ते काम नंतरच्या पुस्तकांनी केले.

कोण हे रहिवासी?

यांतला पहिला मानकरी स्प्रिंगटेल. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही, पण वाचकांनी त्याला पाहिलेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे. पावसाळ्यात गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली उचलली, की ओल्या मातीत पांढुरके ठिपके टुणकन उड्या मारतात, ते हेच. लांबी एक-दोन मिलिमीटर. पोटाखाली एक दुभागलेली काडी दुमडून खिटीला अडकवलेली असते. धोका वाटला की खिटी सुटते, काडी जमिनीवर आपटते आणि स्वारी हवेत. सहा पाय असूनही आजचे शास्त्रज्ञ त्याला कीटक म्हणत नाहीत, त्याचा वर्ग वेगळा मानतात. घराणे मात्र जुने. स्कॉटलंडमधल्या खडकात सापडलेला त्याचा जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डायनोसॉर आले आणि गेले, हा आपला कुजक्या पाल्यात उड्या मारतोच आहे.

दुसरा माइट, म्हणजे कोळ्याचा आठ पायांचा इवला भाऊबंद. आपले शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणून ज्या किडीवर फवारणी करतात, तिच्याच गोतावळ्यातला; पण मातीतले बहुतेक माइट कोणाच्या पिकाच्या वाटेला जात नाहीत. तिसरे सूत्रकृमी, धाग्यासारखे आणि बहुधा नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. चौथे, गांडुळाचे पांढरे, सुतासारखे बारीक नातलग. शिवाय टार्डिग्रेड, ज्यांना पाणअस्वल असे गोंडस नाव आहे. म्हणजे अस्वल हवेच असेल तर तेही मातीत आहे!

संख्या पाहिली तर डोके गरगरते. आर्क्टिकच्या चांगल्या ओल्या मातीत एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे एखाद्या सतरंजीच्या तुकड्याएवढ्या जागेत, स्प्रिंगटेल दहा हजारांपासून लाखाच्या घरात भरतात. २०१९ मध्ये जगभरच्या मातीच्या नमुन्यांवरून सूत्रकृमींची मोजदाद प्रसिद्ध झाली. आकडा निघाला ४४ वर १९ शून्ये. माणशी सुमारे सहा हजार कोटी. आपल्याला वाटेल, यांची सर्वांत जास्त गर्दी विषुववृत्ताच्या घनदाट जंगलात असणार. तर तसे नाही. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, निघाला तो उत्तरेकडची सूचिपर्णी अरण्ये आणि टुंड्रा यांचा. ज्या प्रदेशाला आपण ओसाड म्हणतो तो वरून ओसाड आहे, खालून भरवस्तीचा आहे.

हे सगळे करतात काय? मेलेली पाने, शेवाळ, दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच जातकुळीचे) यांचा भुगा करतात, त्यावर वाढणारी बुरशी आणि जिवाणू खातात, बुरशीचे बीजकण अंगावरून इकडून तिकडे नेतात आणि आपल्या लेंड्यांतून नत्र पुन्हा मुळांना पोहोचवतात. कुजवण्याचे मुख्य काम बुरशी-जिवाणूंचे, पण त्यांची गती ठरवणारे हे मुकादम. आपल्याकडे या कामाला वाळवी आहे, मुंग्या आहेत, गांडुळे आहेत, शेणकिडे आहेत. उत्तरेच्या टोकाला वाळवी नाही, मुंगी नाही, गांडूळही मुळात नाही. तिथे सगळा कारभार या चार-पाच घराण्यांवर चालतो. त्यांच्या जागी बदली माणूस नाही.

थंडीशी केलेला करार

उणे वीस-तीस अंशांच्या हिवाळ्यात हे जगतात कसे? थंडी मारते ती मुख्यतः पाण्यामुळे. शरीरातले पाणी गोठले की त्याचे स्फटिक सुयांसारखे पेशी फाडतात. त्यावर या जीवांनी निरनिराळे उपाय काढले आहेत. काही जण शरीरातले पाणी शून्याच्या कितीतरी खाली गेले तरी गोठू देत नाहीत. त्यासाठी हिवाळ्याआधी ते पोट साफ रिकामे करतात, कारण पोटात राहिलेला अन्नाचा एखादा कणही बर्फाचे बीज ठरू शकतो. एका अर्थी हा उपासच. फरक इतका, की मोडला तर मरण.

दुसरा उपाय माझा आवडता आहे. मेगाफोरुरा आर्क्टिका नावाचा एक पांढरा स्प्रिंगटेल स्वालबार्डच्या कड्यांखाली, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने सुपीक झालेल्या शेवाळात राहतो. भोवतालची माती गोठू लागली की त्याच्या पातळ कातडीतून शरीरातली वाफ बाहेरच्या बर्फाकडे ओढली जाते आणि तो सुकत जातो. इतका सुकतो, की गोठण्याजोगे पाणीच त्याच्यात उरत नाही. जोडीला तो ट्रेहॅलोज नावाची साखर बनवतो आणि ती पेशींना सावरून धरते. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात सांडगे-कुरडया वाळवून ठेवत, पाणी लागले की त्या पुन्हा फुलत, तसा हा प्राणी वसंतात बर्फ वितळले की फुगून चालू लागतो. १९९८ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ही युक्ती उलगडली.

सूत्रकृमी तर याहून वरचढ. सायबेरियात कोलिमा नदीकाठी कायम गोठलेल्या जमिनीतून काढलेले सूत्रकृमी प्रयोगशाळेत जिवंत झाले, आणि त्या मातीचे वय सुमारे ४६ हजार वर्षे भरले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते झोपले तेव्हा पृथ्वीवर शेती नव्हती, गाव नव्हते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, इतके चिवट असतील तर काळजी कशाची? थोडी ऊब मिळाली तर त्यांना बरेच वाटेल! इथेच आपली फसगत होते.

ऊब आणि सुख

आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. स्वालबार्डवरचे लॉन्गयेअरब्येन हे गाव ७८ अंश उत्तरेला आहे. जुलै २०२० मध्ये तिथे २१.७ अंश तापमान नोंदले गेले. त्याच द्वीपसमूहातल्या नी-ऑलेसुंड येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, पाऊस पडला, बर्फ वितळून डबकी साचली आणि जमिनीचा वरचा थर मऊ झाला.

या जीवांचा करार थंडीशी आहे, आणि त्या कराराची कलमे बर्फ, ओल आणि वेळ ही आहेत. ही कलमे एकेक करून कशी मोडतात ते पाहा.

पहिले कलम बर्फाचे. भुसभुशीत हिम ही मातीची गोधडी आहे. वर हवा उणे तीस असली तरी गोधडीखाली त्यापेक्षा पुष्कळ उबदार असते. हिवाळ्यात ऊन-पाऊस येऊन ही गोधडी मध्येच वितळली आणि पुन्हा कडाका पडला, तर उघडी माती आधीपेक्षा जास्त गारठते. म्हणजे हवा तापली म्हणून माती थंड पडली, असा उफराटा प्रकार घडतो. त्यात पाऊस हिमावर पडला तर त्याचा कडक काचेसारखा थर बनतो. २०१९ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डवर दोनशेहून अधिक रेनडिअर मेलेले आढळले. त्याआधीच्या हिवाळ्यातल्या पावसाने चाऱ्यावर असाच बर्फाचा पत्रा चढला होता. ती बातमी जगभर गेली. पण त्याच पत्र्याखाली कोंडलेल्या लहानग्यांचे काय? स्वालबार्डवर संशोधकांनी मुद्दाम पाणी ओतून असा थर तयार करून पाहिला, तेव्हा स्प्रिंगटेलांच्या संख्येत ठळक घट झाली. कठीण कवचाच्या माइटांनी मात्र बराच टिकाव धरला. उत्तर स्वीडनमधल्या आबिस्को येथे हिवाळ्यात मध्येच कृत्रिम ऊब देऊन केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला : मोठ्यांपेक्षा आकाराने लहान जीवांना अशा तडाख्यांची झळ अधिक बसते.

दुसरे कलम ओलीचे. बहुतेक स्प्रिंगटेल कातडीतून श्वास घेतात. ती कातडी ओली राहिली पाहिजे. उन्हाळा तापला आणि माती सुकली की त्यांचा जीव जातो. नी-ऑलेसुंड येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी टुंड्रावर पारदर्शक प्लास्टिकचे छोटे तंबू उभारून आतली माती थोडी तापवली. आधीच कोरड्या असलेल्या जागी, कोरड्या उन्हाळ्यात, तंबूतले स्प्रिंगटेल कमी झाले. त्यांचे घातक शत्रुत्व उष्णतेपेक्षा कोरडेपणाशी होते. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे कलम वेळेचे. तिकडचे जीवन संथ असते. स्वालबार्डवरच्या एका माइटला अळीपासून प्रौढ व्हायला पाच वर्षे लागतात. आपल्या स्वयंपाकघरातले झुरळ वर्षभरात पिढ्या बदलते. ज्याची पिढी इतकी लांब, त्याला एका वाईट हिवाळ्याचे नुकसान भरून काढायलाही तितकाच काळ लागतो. आणि आता वाईट हिवाळे एकामागून एक येत आहेत.

सरळ उत्तर नाही

इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ‘सगळे मरणार’ अशी हाकाटी करणे सोपे आहे, आणि ते खरे नाही. उत्तरे वेगवेगळी येतात. ओल्या जागेत ऊब वाढली तर काही जाती वाढतातही.

अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळ अमांडा कोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग पाहा. तिथल्या टुंड्रावर वुल्फ स्पायडर, म्हणजे जाळे न विणता धावून शिकार करणारे कोळी, पुष्कळ आहेत. तिथल्या सर्व लांडग्यांचे वजन आणि सर्व कोळ्यांचे वजन तराजूत घातले तर कोळ्यांचे पारडे कितीतरी पटींनी खाली जाईल. कोळी स्प्रिंगटेल खातात. तेव्हा कोळी वाढले की स्प्रिंगटेल घटणार, हे साधे गणित. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, नेहमीच्या तापमानात कोळ्यांचा जो परिणाम होता तो ऊब वाढताच उलटा झाला. तापवलेल्या आणि कोळ्यांची दाटी असलेल्या जागेत स्प्रिंगटेल अधिक आढळले आणि पालापाचोळा कुजण्याची गती मंदावली. स्प्रिंगटेल वाढले म्हणून बुरशी खाल्ली गेली, बुरशी कमी झाली म्हणून कुजणे रेंगाळले, असा त्याचा अर्थ लावता येतो. थोडी चराई बुरशीला तरतरी आणते, अति झाली तर तिला खुंटवते. गुरे राखणाऱ्याला हेही ठाऊक असते.

उलट ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग येथे १९९६ पासून दर उन्हाळ्यात त्याच जागी, त्याच पद्धतीने कोळी-कीटक मोजले जात आहेत. तिथल्या नोंदींत कुजके खाऊन जगणाऱ्यांची संख्या, विशेषतः ओल्या जागी, घटत गेलेली दिसते. तिथल्या कोळ्यांच्या माद्या पूर्वी एका उन्हाळ्यात अंड्यांची एकच पिशवी करीत. आता उन्हाळा लांबला म्हणून काही जणी दोन करू लागल्या आहेत.

आणखी एक पाहुणा तिकडे निघाला आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. गांडूळ. आपल्याकडे तो शेतकऱ्याचा मित्र, गांडूळखताच्या पिशवीवर त्याचे चित्र. शेती-बागांच्या मातीबरोबर आणि गळ टाकणाऱ्यांच्या आमिषाबरोबर माणसानेच त्याला स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाला नेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, की तो टुंड्राच्या मातीतले अडकलेले नत्र मोकळे करतो आणि झाडे जोमाने वाढवतो. ऐकायला छान. पण जी माती हजारो वर्षे जवळजवळ न ढवळता राहिली, तिला ढवळणारा आला तर तिच्यात साठवलेले कर्बही जागे होणार. एका ठिकाणचा मित्र दुसऱ्या ठिकाणी मित्रच असेल असे नाही.

उत्तरे अशी उलटसुलट येतात म्हणून ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, मग आपण कशाला डोके शिणवा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या दुखण्याची नेमकी दिशा कळायला आणखी तपासण्या कराव्या लागतील, तर आपण तपासण्या करतो की घरी जाऊन झोपतो?

बंद पडलेला फ्रीज

इतका खल कशासाठी, तर जमिनीखाली काय ठेवले आहे म्हणून. आर्क्टिक आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशांतल्या कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब साठलेले आहे. आज हवेत जेवढे कर्ब आहे त्याच्या जवळपास दुप्पट. हजारो वर्षे झाडे-शेवाळे उगवली, मेली, पण थंडीमुळे पुरती कुजली नाहीत, आणि थरावर थर साचत गेले. भारनियमनाच्या दिवसांत फ्रीजमध्ये काय होते हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. वीज गेली की पहिला तास काही कळत नाही. मग दुधाला वास येऊ लागतो. ते नासवणारे जीव बाहेरून येत नाहीत, आतच असतात. त्यांना फक्त ऊब हवी असते.

तिकडचा फ्रीज बंद पडू लागला आहे. आतला माल किती वेगाने कुजेल, त्यातला किती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन होऊन वर जाईल आणि नव्या झाडोऱ्यात किती परत अडकेल, यावर आपल्या नातवंडांच्या काळातले उन्हाळे काही अंशी अवलंबून आहेत. ही गती तापमान, पाणी, जिवाणू, बुरशी ठरवतात आणि त्यांच्यावर चरणारे, त्यांना पसरवणारे हे लहानगे ठरवतात. हवामानाचे भाकीत करणाऱ्या मोठमोठ्या संगणकीय गणितांत मातीतल्या या प्राण्यांना फारसे स्थानच नसते. ज्या गिरणीत इतका माल दळायचा आहे तिथल्या कामगारांची हजेरीच घेतलेली नाही, अशी ही स्थिती आहे.

आपला काय संबंध?

हा विषय निघाला तेव्हा शेती करणारे माझे एक मामेभाऊ मला म्हणाले, “दादा, इथं आमच्या रानातली गांडुळं गेली, ते कोणी विचारत नाही. आणि तुम्ही ध्रुवावरच्या किड्यांची कसली काळजी करता?” त्यांचा टोमणा मला लागला, कारण त्यात तथ्य होते. पण मला ते दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. रानातल्या गांडुळाकडे ज्या नजरेने दुर्लक्ष झाले, त्याच नजरेने तिकडच्या स्प्रिंगटेलकडे होते आहे. माती म्हणजे खत-पाणी ओतायचे भांडे, ती जिवंत वस्ती आहे हे ध्यानातच येत नाही, हा दोष दोन्हीकडे एकच आहे. शिवाय टुंड्रातून सुटलेला कर्बवायू नॉर्वेच्या हद्दीत थांबत नाही. समुद्र चढला तर तो कोकणातल्या खाजणांतही चढतो.

आणि कागदोपत्रीही आपला संबंध आहे. १९२० साली पॅरिसमध्ये स्पिट्सबर्गेनविषयी जो करार झाला त्यावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचेही नाव आहे. २००७ मध्ये आपली पहिली आर्क्टिक मोहीम गेली, २००८ मध्ये नी-ऑलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झाले, २०१३ मध्ये आर्क्टिक कौन्सिलमध्ये भारताला निरीक्षकाचे स्थान मिळाले, मार्च २०२२ मध्ये सरकारने आर्क्टिक धोरण जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून हिमाद्रीत हिवाळ्यातही आपले शास्त्रज्ञ राहू लागले. या सगळ्याचा कारभार चालतो तो आपल्या शेजारी, गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये कारा समुद्रातले घटते बर्फ आणि भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो, असे दाखवणारे काम प्रसिद्ध केले. म्हणजे ‘तिकडचे’ आणि ‘इकडचे’ ही भिंत वाटते तेवढी पक्की नाही.

हिमनद्या, समुद्र, हवा यांच्या अभ्यासाला पैसा मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. माझे मागणे एवढेच, की हिमाद्रीच्या दारासमोरची माती वर्षानुवर्षे, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणारा एक कार्यक्रम आपण हाती घ्यावा आणि तो किमान तीस वर्षे चालवावा. त्याला जहाज लागत नाही, उपग्रह लागत नाही. लागते ती चिकाटी. झॅकेनबर्गचे मोल तिथल्या यंत्रांत नाही, दर उन्हाळ्यात न चुकता केलेल्या मोजणीत आहे.

दुसरे मागणे आपल्या विद्यापीठांकडे. स्प्रिंगटेल मोजायचा तर तो कुठला हे ओळखणारा माणूस हवा. सूक्ष्मदर्शकाखाली केसांची मांडणी पाहून जात सांगणारे वर्गीकरणतज्ज्ञ आता जुन्या घड्याळजीसारखे विरळ झाले आहेत. हुशार मुलगा या वाटेला गेला तर घरचे विचारतात, “यात पुढे काय?” प्रश्न चूक नाही, पगार नाही, पदे नाहीत, मान नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ पासून आहे, तिचे एक केंद्र पुण्यातही आहे. अशा संस्थांतून तरुणांना या कामाची कायमची पदे आणि प्रतिष्ठा मिळाली नाही, तर उद्या मोजायला माती असेल आणि ओळखायला माणूस नसेल.

तिसरे मागणे वाचकांकडे, आणि ते आजच्या रविवारी पुरे होण्याजोगे आहे. अंतोनिओ बर्लेझे या इटालियन शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मातीतले जीव काढण्याची एक साधी युक्ती सांगितली. पुढे तिला दिव्याची जोड मिळाली. आजही जगभरच्या प्रयोगशाळा, स्वालबार्डवर काम करणाऱ्यासुद्धा, तीच वापरतात. प्लास्टिकची बाटली आडवी कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. त्यात जाळीचा तुकडा ठेवून कुंडीतली किंवा झाडाखालची ओलसर माती आणि पालापाचोळा घाला. तळाशी थोडे पाणी. वर अंतर राखून टेबलावरचा ऊब देणारा दिवा लावा. एलईडी चालणार नाही. माती वरून तापून सुकू लागते, आतले जीव ओलीच्या शोधात खाली सरकतात आणि पाण्यात पडतात. एक-दोन दिवसांनी ते पाणी पांढऱ्या बशीत ओतून भिंगातून पाहा आणि मुलांना मोजायला सांगा. मग सगळे पुन्हा कुंडीत सोडून द्या.

मुले विचारतील, हे खाली का पळाले? त्यांना सांगा : वरून ऊन लागले, माती सुकली, म्हणून. आणि मग हेही सांगा, की आपल्या कुंडीतल्या जीवांना खाली पळायला निदान जागा असते. टुंड्रावर वीत-दोन वीत खाली गेले की गोठलेली जमीन लागते.